एकटीनं कोलकाता: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आयुष्यात पहिल्यांदाच एकटं फिरायला निघणार असाल तर शांत डोंगरबिंगर नकोत, सरळ एखादं भरगच्च, गोंगाटाचं शहर पकडा, आणि उदाहरण म्हणून कोलकात्याचं नाव टाकलं होतं. त्यावर एवढ्या मेल आल्या की हा अख्खा कॉलम कोलकात्यालाच देऊन टाकतेय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे काढलीत.

प्रश्न: ताई, मी सांगलीची, वय ४८, बँकेत आहे. मुलगी बंगळुरूला, मिस्टरांना प्रवासाचा कंटाळा. डिसेंबरात चार दिवस कोलकात्याला एकटीनं जायचं मनात घेतलंय. घरचे म्हणतात टूरबरोबर जा. मला चोरीमारीची वगैरे एवढी भीती नाही, पण दिवसभर एकटी करू काय आणि संध्याकाळी लॉजच्या खोलीत बसून रडायला आलं तर?

उत्तर: बाकी सगळे सेफ्टी सेफ्टी करत असतात आणि तुम्ही नेमकं दुखरं बोट दाखवलंत. एकट्या माणसाला दिवस कधीच खायला उठत नाही, उठते ती संध्याकाळ. त्यात कोलकात्याची एक गंमत लक्षात ठेवा, शहर पार पूर्वेला आहे आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्य गुल. सांगलीत तेव्हा लख्ख ऊन असतं. आपल्याकडची माणसं तिथं जातात, नऊला आरामात नाश्ता करून बाहेर पडतात, चारपर्यंत पाय तुटेस्तोवर फिरतात, साडेपाचला अंधार बघून खोलीवर येतात आणि मग पुढं झोपेपर्यंतचे पाच तास भिंतीकडं बघत बसतात. रडू येणारच हो, कुणालाही येईल.

म्हणून दिवस तिथल्या माणसांसारखा कापा. पहाटे उठा, दुपारी चक्क झोपा (अख्खं शहर पेंगतं, जुन्या पाड्यांत, म्हणजे मोहल्ल्यांत, दुकानदार शटर अर्धं खाली ओढून आडवे होतात) आणि पाचला नवीन दिवस सुरू झाल्यासारखं तोंड धुऊन, साडी-ड्रेस बदलून परत बाहेर पडा.

पहाटेसाठी मल्लिक घाटाचा फुलबाजार. हावडा पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाला, पुलाच्या अगदी बुडाशी. सहा-साडेसहाला पोचा. झेंडूच्या माळा तिथं दोरखंडासारखी वेटोळी करून ठेवलेल्या असतात, एक वेटोळं पिवळं, एक केशरी, आणि हमाल असली दहा-वीस वेटोळी एकदम खांद्यामानेवर चढवून पळत येतो, त्याचं डोकं दिसत नाही, नुसता चालता झेंडू दिसतो आणि आतून ओरडण्याचा आवाज येतो. बाजूला व्हायचं, लगेच, कारण तो थांबू शकत नाही. खाली चिखल आणि सडलेल्या पाकळ्यांचा थर असतो, चांगली चप्पल घालू नका. मग घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन उभ्या राहा, लोक आंघोळी करत असतात, मालिश चाललेलं असतं, कुणी व्यायाम करत असतं, आणि तुमच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. वर पूल. १९४३ चा आहे, सगळा रिव्हेटवर जोडलेला, नटबोल्ट नाही. त्यावरून माणसांची रांग वाहत असते ती संपतच नाही.

तिथून फेरीबोट. हावड्याच्या जेट्टीवरून बाबूघाट, शोभाबाजार, बागबाजार अशा बोटी सुटतात, तिकीट चहाच्या भावात, आणि बोटीवर सगळेच आपापले एकटे असतात, ऑफिसला निघालेले. माझं पक्कं मत आहे की एकट्यानं शहर बघायचं तर त्या शहरातले लोक जिथं एकेकटे जातात तिथं जावं. बोट, मेट्रो, वाचनालय, चहाची टपरी, नाटकाचं थिएटर. जिथं सगळे जोडीनं किंवा कुटुंबानं जातात, म्हणजे मॉल, गार्डन, रूफटॉप रेस्टॉरंट, तिथं आपली खुर्ची उगाच एकटी दिसायला लागते. कोलकात्यात पहिल्या प्रकारच्या जागा इतक्या आहेत की दुसऱ्यांची गरज पडत नाही, म्हणून तर हे शहर सुचवलं.

आता संध्याकाळ. रवींद्र सदन मेट्रो स्टेशनला उतरा, तिथं एकाच आवारात-शेजारात रवींद्र सदन, नंदन आणि अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स आहे. नंदनमध्ये सिनेमे, अकॅडमीत चित्रांची प्रदर्शनं आणि नाटक. बंगाली येत नसलं तरी एक नाटक बघाच, आपण नाटकवाली माणसं, अर्ध्या तासात कोण कुणाशी का भांडतंय ते कळतं. नाटक नसलं तरी आवारात लोक कट्ट्यावर बसून तासन्‌तास वाद घालत असतात, भांडातला (मातीचा कप हो, भांडण नाही) चहा घ्यायचा आणि बसायचं. दुसऱ्या संध्याकाळी गडियाहाटचा बाजार, फुटपाथवर साड्याच साड्या, घासाघीस करायला भाषा लागत नाही. तिसऱ्या दिवशी प्रिन्सेप घाट, सूर्यास्त तिथं नदीवर बघा आणि साडेसहापर्यंत निघा, नंतर तिथं जोडपीच जोडपी. चौथ्या दिवशी तुम्हाला माझी गरज राहणार नाही.

आणि हो, सोमवार सांभाळा. इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियलचं म्युझियम, जोडासांकोचं ठाकूरबाडी म्हणजे रवींद्रनाथांचं घर, सगळं सोमवारी बंद. रविवारी कॉलेज स्ट्रीटची बहुतेक पुस्तकाची दुकानं बंद. शनिवारी उतरून मंगळवारी परत असा प्लॅन असेल तर हातात काय उरतं ते तुम्हीच बघा.

प्रश्न: मी शाकाहारी, तेही घरातलं कडक. कोलकात्यात मासे सोडून काही मिळतं का? आणि एकटीनं हॉटेलात जाऊन बसायला मला फार अवघड वाटतं, वेटर पण "किती जण?" विचारतो तेव्हा उगाच लाज वाटते. (डोंबिवली)

उत्तर: पहिलं शाकाहाराचं. "निरामिष" म्हणायचं, म्हणजे मासे-मटण नाहीच, आणि बऱ्याचदा कांदा-लसूणही नाही. पण डाळ मागवताना डोळे उघडे ठेवा, माशाचं डोकं घातलेली डाळ तिथं लाडाची आहे आणि वाढणाऱ्याला ती डाळच वाटते. विचारून घ्या. बाकी निरामिष बंगाली जेवण हे आपल्याला माहीतच नसलेलं प्रकरण आहे: लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या आणि हरभऱ्याची चोलार डाळ, त्यात खोबऱ्याचे तुकडे, बेगुन भाजा म्हणजे वांग्याचे जाड काप, केळफुलाचा मोचार घोंटो, डाळीच्या वड्यांची धोकार डालना, खसखशीतला आलू पोस्तो, आणि सुरुवातीला कडवट शुक्तो, तो पहिल्या घासाला आवडत नाही, तिसऱ्याला आवडतो. अगदीच घरची आठवण आली तर भवानीपूरकडं गुजराती-पंजाबी आणि लेक मार्केटला साउथ इंडियन आहे, उपाशी मरणार नाही.

लाजेवर उपाय पाइस होटेल. ही जुनी साधी खाणावळ. स्वाधीन भारत हिंदू होटेल कॉलेज स्ट्रीटजवळ, सिद्धेश्वरी आश्रम जानबाजार भागात, अशी बरीच आहेत. आत शिरलं की "किती जण?" असलं काही नाही, जिथं जागा रिकामी तिथं बसायचं, समोर कुणीतरी कारकून आधीच भात कालवत असतो. भिंतीवरच्या फळ्यावर आज काय आहे ते खडूनं लिहिलेलं, बंगालीत, तर वाढप्याकडून पाठ म्हणून घ्यायचं, तो एका दमात अख्खी यादी म्हणतो. केळीचं पान, लिंबू, चटणी, सगळ्याचे पैसे वेगवेगळे लावायची पद्धत, आणि शेवटी तो तोंडीच हिशोब सांगतो. वीस मिनिटांत जेवण उरकून लोक उठतात, रेंगाळलात तर तुमच्या खुर्चीमागं पुढचा माणूस येऊन उभा राहील, लाजायला वेळच नाही. एक मात्र, माशांचं राज्य आहे, शेजारच्या पानावर पाबदा दिसणार. ते तुमच्या कडकपणात बसत नसेल तर पाइस होटेल सोडा, उगाच नाक मुरडत जेवू नका.

मग नाश्ता: कॉलेज स्ट्रीटजवळ पुटीराममध्ये कोचुरी आणि चोलार डाळ. तिथूनच पुढं पॅरामाउंटचं सरबत, १९१८ पासूनचं दुकान, डाब सरबत घ्या, शहाळ्याच्या पाण्याचं, वर मलई. आणि कॉफी हाऊस तर आहेच. तिथं जेवायला म्हणून नाही, बसायला जायचं, पागोटं घातलेले वेटर, वर गॅलरी, पंखे, आणि आवाज इतका की तुम्ही एकट्या आहात हे तुम्हाला स्वतःलाच ऐकू येणार नाही. टेबल शेअर करावं लागतं. "इन्फ्यूजन" मागितली की काळी कॉफी येते. कॉफी काही फार ग्रेट नाही, खरं सांगते, पण दीड तास कुणी उठवत नाही.

आणि फुचका. हिला पाणीपुरी म्हणालात तर तिथले चिडतील. गोड चटणी नाही, आत बटाटा मसाला-मिरची-चिंचेत कालवलेला, पाणी आंबट जहाल. शालपत्राचा द्रोण हातात देतो, गोल उभे राहिलेल्यांना एकेक करत फिरवत वाढतो, तुमची पाळी आली की तोंड उघडं तयार पाहिजे. शेवटी एक फुकटची, आपल्याकडं सुकी मागतो तशी, तिथं तिला "फाउ" म्हणतात. मागा. न मागितल्यास पाप लागतं.

प्रश्न: मी २६, ठाणे, आयटीत. एकटी जातेय, फ्लाइट रात्री ११ ला उतरते. आईनं आर. जी. कर हॉस्पिटलची बातमी दाखवून दाखवून वात आणलाय. खरंच किती सेफ आहे?

उत्तर: आईला वेड्यात काढू नकोस. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारी हॉस्पिटलात ड्युटीवर असलेल्या डॉक्टर मुलीच्या बाबतीत जे झालं ते भयंकरच होतं, आणि त्याच आठवड्यात १४ ऑगस्टच्या रात्री त्याच शहरातल्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, रात्र आमचीही आहे म्हणत, हेही आईला सांग. आकडे हवे असतील तर एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) २०२२ च्या अहवालात मोठ्या शहरांमध्ये लोकसंख्येच्या मानानं सगळ्यात कमी दखलपात्र गुन्हे कोलकात्यात नोंदवलेत, दुसरं पुणं. पण हे नोंदवलेले गुन्हे, आणि सगळ्या प्रकारचे मिळून, त्यामुळे या आकड्याची उशी करून झोपू नये.

व्यवहाराचं बोलू. रात्री ११ ला उतरत असशील तर मेट्रोचा विचार सोड, विमानतळाला मेट्रो २०२५ च्या ऑगस्टपासून जोडली गेलीय पण ती दिवसाच्या कामाची. एअरपोर्टच्या आतल्या काउंटरवरून प्रीपेड टॅक्सी नाहीतर ॲपची गाडी, लोकेशन घरी शेअर, आणि पहिल्या रात्रीचं हॉटेल जरा दोन पैसे जास्त देऊन चांगल्या भागात. सदर स्ट्रीट स्वस्त आहे, बॅकपॅकर लोकांचा अड्डा, पण रात्री तिथं दलाल मागं लागतात, पहिलीच वेळ असेल तर कालीघाट-रवींद्र सरोवर-गडियाहाट पट्टा बघ, वस्तीतला भाग आहे, रात्री दहालाही मिठाईचं दुकान उघडं असतं आणि आजूबाजूला आज्या दिसतात. आज्या दिसणं हा माझा निकष आहे, कुठल्याही शहरात. शिवाय हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिकडच्या मराठी मंडळींची जुनी वास्तू, राहायची सोय असते, आधी फोन करून विचार. आईचा अर्धा घोर तिथंच कमी होईल.

बसमध्ये डाव्या बाजूच्या सीटा लेडीजच्या, आणि बाई उतरायला लागली की कंडक्टर बसचा पत्रा बडवत ओरडतो, "आस्ते, लेडीज!" म्हणजे ड्रायव्हरनं गाडी नीट थांबवावी. पुरुषांना चालत्या बसमधून उडी मारायला लावतात. समानता वगैरे नंतर बघू, पहिल्यांदा ऐकलं की बरं वाटतं.

प्रश्न: ताई, मी नागपूरचा, २३ वर्षांचा. गीतांजली एक्स्प्रेस पकडून दुर्गापूजेला एकटाच जायचं म्हणतोय. मित्र म्हणतात एवढ्या गर्दीत एकटा जाऊन बोअर होशील. जाऊ का?

उत्तर: जा रे, खुशाल जा. तुझ्या गावावरून थेट गाडी आहे, आम्हा मुंबई-पुण्याकडच्यांना आणखी लांबून यावं लागतं. फक्त तिकीट आणि राहायचं आत्ताच बघ, पूजेत लॉजवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात.

पुण्यातले मानाचे गणपती बघायला शेवटच्या चार दिवसांत लक्ष्मी रोडला जी झुंबड असते ती अख्ख्या शहरभर पसरवलीस आणि रात्रभर चालू ठेवलीस की पूजा झाली. युनेस्कोनं २०२१ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलीय. एकट्याचा फायदा असा की सहा जणांचा ग्रुप तिथं दर पंधरा मिनिटांनी एकमेकांना शोधत बसतो, फोन लागत नाही, एकाला भूक लागते, एकाचा बूट चावतो, आणि रात्रभरात तीन मंडप होतात. तू दहा करशील. रस्ते बंद असतात, टॅक्सीच्या नादाला लागू नकोस, मेट्रो आणि पाय. मुख्य दिवसांत मेट्रो रात्री खूप उशिरापर्यंत चालवतात.

माझा सल्ला ऐकशील तर पंचमी-षष्ठीलाच मोठे मंडप उरक, सप्तमीपासून गर्दी हाताबाहेर जाते. किंवा सकाळी सहा ते नऊ जा, रात्रभर फिरून लोक झोपलेले असतात आणि मूर्तीसमोर तू आणि एक झोपाळू व्हॉलंटियर. उत्तरेत बागबाजार, कुमारटुली पार्क, कॉलेज स्क्वेअर, तिथं तळ्यात लायटिंगचं प्रतिबिंब पडतं. दक्षिणेत एकडालिया, देशप्रिय पार्क, आणि मॅडॉक्स स्क्वेअर. मॅडॉक्सला देवी बघायला कमी आणि गवतावर बसून गप्पा मारायला जास्त लोक येतात, तुझ्या वयाचेच, तिथं बस, कुणीतरी कार्ड्स खेळायला बोलावेल किंवा निदान नागपुरात खरंच संत्री झाडाला लागतात का ते विचारेल.

आणि जुन्या घरांतली पूजा चुकवू नको. शोभाबाजार राजबाडीची पूजा १७५७ पासून चालू आहे, ठाकुरदालानात मूर्ती, दार उघडं असतं, कुणी अडवत नाही. तिथं थीमबीम नाही, थर्माकोलचा बुर्ज खलिफा नाही. अष्टमीच्या सकाळी कुठल्याही पाड्याच्या मंडपात अंजलीला उभा राहा, हातावर फुलं ठेवतात, पुरोहित मंत्र सांगतो, सगळे मागोमाग म्हणतात, तुला कोण कुठला कुणी विचारत नाही. अंघोळ करून आणि न खाता जायचं एवढंच. नंतर भोगाची खिचडी मिळाली तर नशीब.

वाईटही सांगते. घाम, डेसिबल, शौचालयाची बोंब. आणि नेहमीचं कोलकाता त्या दिवसांत दिसत नाही, म्युझियम-पुस्तकं-नाटक सगळं बाजूला. एकदा पूजेत जा आणि पुन्हा थंडीत जा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत बुक फेअरही गाठता येईल.

प्रश्न: वय ६७, निवृत्त शिक्षक, रत्नागिरी. पत्नी नाही. गुडघे बरे आहेत, फार नाहीत. गाडी-ड्रायव्हर न ठेवता फिरता येईल का?

उत्तर: सर, गाडी ठेवलीत तर निम्मा वेळ जाममध्ये ड्रायव्हरच्या मानेकडं बघण्यात जाईल. मेट्रो तुमच्यासाठीच आहे. देशातली पहिली, २४ ऑक्टोबर १९८४ ला सुरू झाली, उत्तर-दक्षिण सरळ रेघ, आणि बघण्यासारखं बहुतेक सगळं त्याच रेघेवर: दक्षिणेश्वर, शोभाबाजार म्हणजे कुमारटुली (मूर्तिकारांची वस्ती), गिरीश पार्क म्हणजे जोडासांको, पार्क स्ट्रीट म्हणजे म्युझियम, मग मैदान, रवींद्र सदन, कालीघाट. हावडा स्टेशनवर उतरलात की तिथूनच हिरवी लाइन एस्प्लनेडला आणते, हुगळी नदीच्या खालून. २०२४ मध्ये चालू झाली. नदीखालचा बोगदा ५२० मीटरचा, मिनिटभरसुद्धा लागत नाही, निळे दिवे लागतात आणि गाडीतले सगळे, रोजचे पॅसेंजरसुद्धा, मोबाईल बाहेर काढतात. स्टेशन फार खोल आहे पण सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. एस्प्लनेडला लाइन बदलताना मात्र बरंच चालणं होतं, सावकाश जा.

जिथं मेट्रो नाही तिथं शेअर ऑटो. ठरलेल्या रूटवर चालतात, मागं तीन आणि ड्रायव्हरशेजारी एक, एकट्याला लगेच जागा मिळते, जोडपी ताटकळतात. सुट्टे पैसे खिशात ठेवा, "खुचरो" नसले की ऑटोवाला तुमच्यावर असा खेकसतो की आपला मुंबईचा कंडक्टर संत वाटावा.

ट्राम बघायचीच असेल तर उशीर करू नका. १८७३ मध्ये घोड्यांवर सुरू झाली, १९०२ पासून विजेवर, आता जेमतेम एक-दोन रूट उरलेत, २०२४ मध्ये सरकारनं मैदानातला छोटा तुकडा ठेवून बाकी बंद करायचं जाहीर केलं आणि प्रकरण कोर्टातही आहे. जाईल तिथपर्यंत जायचं आणि त्याच ट्रामनं परत यायचं, खिडकीशी बसून. बाकी शिक्षक आहात म्हणून सुचवते, साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी. १७६७ ची. पिरॅमिडसारख्या उंचच उंच कबरी, झाडी, शेवाळ, आणि त्यात सर विल्यम जोन्स आहे, एशियाटिक सोसायटीवाला, आणि डेरोझिओ, तोही शिक्षक, २२ व्या वर्षी गेला. नावं आणि वयं वाचत दोन तास जातात. डास फार, फुल बाह्यांचा शर्ट घाला.

प्रश्न: बंगाली अजिबात येत नाही, हिंदी चालते का? आणि मराठी आहोत म्हटल्यावर काही म्हणतात का? (कोल्हापूर)

उत्तर: हिंदी चालते, टॅक्सी-बाजारात तर सर्रास. पण रिक्षावाल्याला "दादा" आणि दुकानातल्या बाईला "दीदी" एवढं लावलं तरी सूर बदलतो.

मराठी म्हटल्यावर दोन गोष्टी होतात. बहुतेकांना सचिन आठवतो आणि लगेच सौरव श्रेष्ठ कसा यावर लेक्चर सुरू होतं, वाद घालू नका, चहा तुम्हाला पाजतील. आणि एखादा इतिहासवाला भेटला तर तो हसत हसत बर्गी, म्हणजे मराठा स्वारांचा विषय काढणार. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून दहाएक वर्षं बंगालवर चालून जात होत्या, इतक्या लुटालुटीनं की तिथल्या अंगाईगीतात आपण शिरलो, बाळ झोपलं नाही तर बर्गी येईल म्हणून. त्या भीतीनं कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच, पुढं तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. बागबाजारकडं मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. शाळेत आपल्याला हे या बाजूनं कुणी शिकवलं नाही. त्या गल्लीत जाऊन या, बघण्यासारखं काही नाही, पण जाऊन या.

प्रश्न: कुमारटुलीत फोटो काढू देतात का? मला रील्स करायच्यात.

उत्तर: देतात, विचारून. काही ठिकाणी कॅमेऱ्याचे पैसे घेतात, द्या. ती बोळं म्हणजे लोकांची कामाची जागा आहे, पेंढ्याचा सांगाडा, त्यावर मातीचे थर, शेडमध्ये रांगेनं बिनडोक्याच्या देव्या वाळत घातलेल्या आणि मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. तिथं ट्रायपॉड लावून गिरक्या घेतल्यास कुणाच्या तरी चार दिवसांच्या कामाला कोपर लागेल. पूजेच्या आधीचे दोन महिने सगळ्यात बघण्यासारखे, आणि तेव्हाच ते सगळ्यात वैतागलेले असतात. नदीच्या बाजूनं शिरा, ओल्या मातीचे ढीग आणि पेंढ्याचे भारे तिथं असतात, आणि कारागीर थोडे निवांत.

प्रश्न: संसार सोडून एकटंच गावं हिंडणं याला आमच्यात स्वार्थ म्हणतात. तुमचं मासिक हे का शिकवतं? (नाव-गाव नाही)

उत्तर: चार दिवसांनी परत येतात हो सगळे.

प्रश्न: परत येताना घरच्यांसाठी काय आणू? रसगुल्ले टिकतात का? (सातारा)

उत्तर: डब्यातले टिकतात, पण ते आता साताऱ्यातही मिळतात, त्यासाठी कशाला वजन वाहायचं. थंडीत गेलात तर नोलेन गूर आणा, खजुराच्या रसाचा गूळ, डिसेंबर ते फेब्रुवारी याच दिवसांत ताजा मिळतो. पातळ असतो तो चेक-इन बॅगेत, बाटलीला दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक जुना टॉवेल गुंडाळून, आणि ढेप घेतली तर तीही कोंबण्याआधी कागदात, नाहीतर सगळ्या साड्यांना वास लागतो (मला आवडतो, सगळ्यांना आवडेल असं नाही). त्याच गुळाचे संदेश (छेन्याची मिठाई) घ्यायचे तर उत्तर कोलकात्यात गिरीशचंद्र डे अँड नकुडचंद्र नंदी, १८४४ चं दुकान, बाहेर लोखंडी जाळी आहे, जाळीतूनच पैसे द्यायचे आणि जाळीतूनच संदेश. जलभरा म्हणून एक असतो, चावला की आतून पातळ गूळ, तो तिथंच उभ्यानं खा, पांढऱ्या कपड्यांवर नको. बाकीचे एक-दोन दिवस टिकतात, म्हणून परतीच्या दिवशी सकाळी घ्या, ट्रेननं येत असाल तर घेऊच नका, नागपूर येईपर्यंत संपलेले असतात.